आज्ञार्थात 'बूट' चालत नाही

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतल्या स्पॅनिशच्या सदरात आज्ञार्थावरचा भाग आला. स्वर बदलणाऱ्या क्रियापदांसाठी त्यात एकाच ओळीत नियम उरकला होता : 'वर्तमानकाळात जिथे स्वर बदलतो, तिथेच आज्ञार्थातही बदलतो.' सोबत सहा चौकटींचा तक्ता, आणि बदलणाऱ्या चार चौकटींभोवती रेघ ओढून काढलेला तो सुप्रसिद्ध बूट. नियम साफ खोटा आहे असे म्हणता येणार नाही, आणि अडचण तीच आहे. तो बऱ्याच ठिकाणी जुळतो, त्यामुळे शिकणारा त्याच्यावर विसंबतो आणि नेमका 'आपण झोपू या' म्हणताना तोंडावर आपटतो. तक्त्यातच 'दुएर्मामोस' असे छापून आले आहे, ते याच बुटामुळे. असा शब्द स्पॅनिशमध्ये नाही.

पुढे जाण्याआधी लेखनाबद्दल थोडे. स्पॅनिश शब्द इथे देवनागरीतच देतो. उच्चार लॅटिन अमेरिकेतला धरला आहे. स्पेनच्या बऱ्याच भागात जिथे 'थ'सारखा ध्वनी ऐकू येतो तिथे 'स' दिसेल. बी आणि व्ही ही दोन्ही अक्षरे स्पॅनिशमध्ये सारखीच उच्चारतात, म्हणून सगळीकडे 'ब'. सदरात 'कुएन्ता', 'पिएन्सा' असे लिहिले होते, ते 'क्वेन्ता', 'प्येन्सा' असे हवे. हा काथ्याकूट वाटेल, पण नाही. फुटलेला स्वर स्पॅनिशमध्ये एकाच अक्षरात बसतो, त्याला दोन ठोके मिळत नाहीत. 'कु-ए-न्ता' असे तीन तुकडे करून म्हटले की आघात, म्हणजे बोलताना पडणारा जोर, कुठे आहे हेच कानाला कळेनासे होते, आणि पुढचे सगळे गणित त्या आघातावर उभे आहे. आपल्याकडे जोडाक्षर आयते आहे, ते वापरावे.

तर मुद्दा आघाताचा. 'कोन्तार' म्हणजे सांगणे किंवा मोजणे. मी सांगतो 'क्वेन्तो', तो सांगतो 'क्वेन्ता', पण आम्ही सांगतो 'कोन्तामोस'. पहिल्या दोन रूपांत जोर धातूवर, म्हणजे 'कोन'वर पडतो. तिसऱ्यात तो प्रत्ययातल्या 'ता'वर सरकतो. जोर पडला की 'ओ' फुटून 'वे' होतो, जोर सरकला की 'ओ' जसाच्या तसा राहतो. 'ए'चे तेच : जोर असताना 'ये', नसताना 'ए'. लॅटिनमधल्या ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ'वर आघात होता तिथे स्पॅनिशमध्ये हे फुटणे झाले. ते फक्त क्रियापदांत नाही, अंकांतही आहे. ७ म्हणजे 'स्येते', पण ७० 'सेतेन्ता'. ९ 'न्वेबे', पण ९० 'नोबेन्ता'. 'ब्वेनो' म्हणजे चांगला, चांगुलपणा मात्र 'बोन्दाद'. ज्याला सत्तर आणि नव्वद म्हणता येते त्याच्या कानाने हा नियम आधीच उचललेला असतो, फक्त तसे त्याला कुणी सांगितलेले नसते.

मराठी माणसाला यात परके वाटावे असे काही नाही. आपण 'देऊळ' म्हणतो आणि लगेच 'देवळात' म्हणतो. 'देऊळात' कुणी म्हणत नाही. फूल–फुलाला, पाऊस–पावसात. शब्दामागे काही जोडले की वजन पुढे सरकते आणि मागचा स्वर आखडतो. आज्ञार्थातही आपला धातू बदलतो : दे–द्या, घे–घ्या, पी–प्या, हो–व्हा. हे पाठ करायला आपण कधी तक्ता काढत नाही. बूट हे इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या पाठ्यपुस्तकांतले चित्र आहे. ते वर्तमानकाळाच्या छापील तक्त्यापुरते ठीक, कारण चौकटींचा क्रम बदलला तरी बूट मोडतो. आज्ञार्थात 'मी'ची चौकटच नसते, मग बूट कशाभोवती काढणार?

आता आज्ञा कशी घडते ते पाहू. समोर कोण आहे हे आधी ठरवायचे. स्पॅनिशचा 'तू' हा आपल्या 'तू'सारखाच एकेरी. 'उस्तेद' आदरार्थी, 'उस्तेदेस' अनेकवचनी, 'नोसोत्रोस' म्हणजे आपण सगळे ('...ऊ या'). शिवाय स्पेनमध्ये सलगीचे अनेकवचन 'बोसोत्रोस', आणि अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे व मध्य अमेरिकेच्या मोठ्या भागात एकेरी 'बोस'. पहिल्या तिघांत आघात धातूवर असतो, शेवटच्या तिघांत प्रत्ययावर. एवढे कळले की निम्मे काम झाले.

'तू'ची आज्ञा म्हणजे वर्तमानकाळात 'तो करतो'चे जे रूप, तेच : क्वेन्ता (सांग), प्येन्सा (विचार कर), ब्वेल्बे (परत ये), द्वेर्मे (झोप), पीदे (माग). 'उस्तेद'साठी मात्र आज्ञार्थाचे स्वतःचे रूप नाही, ते संशयार्थातून (इच्छा, शंका व्यक्त करण्याच्या रूपांतून) उसने घेतलेले आहे. याचे कारण 'उस्तेद'च्या जन्मात आहे. हा शब्द 'ब्वेस्त्रा मेर्सेद', म्हणजे साधारण 'आपली मेहेरबानी', यावरून घासून आला. म्हणून तो तृतीय पुरुषात चालतो. समोरच्याला उद्देशून बोलताना तिसऱ्याबद्दल बोलल्यासारखे बोलायचे आणि हुकूम न सोडता इच्छा व्यक्त करायची, ही रीत. आपणही 'बसा'च्या वरची पायरी गाठायची असली की 'आपण बसावे', 'साहेबांनी यावे' म्हणतो, आज्ञार्थ सोडून विध्यर्थात जातो. अगदी तेच.

रूप करताना शेवटचा स्वर उलटतो. मूळ क्रियापद 'आर'वर संपत असेल तर शेवटी 'ए', आणि 'एर' किंवा 'ईर'वर संपत असेल तर शेवटी 'आ'. म्हणजे तू क्वेन्ता, पण उस्तेद क्वेन्ते; तू ब्वेल्बे, उस्तेद ब्वेल्बा; तू पीदे, उस्तेद पीदा. 'उस्तेदेस'साठी त्याच रूपाला 'न' लावायचा : क्वेन्तेन, ब्वेल्बान, पीदान. या सगळ्यांत जोर धातूवरच, म्हणून बदललेला स्वर सगळीकडे कायम.

इथे मराठी कान एक दगा देतो, आणि तो कुठल्या पुस्तकात लिहिलेला सापडत नाही. आपल्याकडे सांग–सांगा, बस–बसा, ऐक–ऐका. शेवटी 'आ' आला की मान. त्यामुळे 'क्वेन्ता' हे आपल्याला नकळत 'सांगा'सारखे वाटते आणि 'क्वेन्ते' कोरडे. प्रत्यक्षात उलट आहे. अनोळखी वयस्कर माणसाला 'क्वेन्ता' म्हणणे म्हणजे 'ए, सांग' म्हणणे. 'एर' आणि 'ईर' गटात मात्र हाच कान मदतीला येतो, कारण द्वेर्मा, पीदा, ब्वेल्बा ही खरोखरच आदराची रूपे आहेत. तेव्हा 'आर' गटाचा सराव वेगळा आणि जास्त करावा.

'बोसोत्रोस' आणि 'बोस' ही सगळ्यांत सोपी दोन रूपे, तरी सदरात त्यांना एकदम अवघड ठरवले आहे. 'बोसोत्रोस'साठी मूळ क्रियापदाचा शेवटचा 'र' काढून 'द' लावायचा : कोन्ताद, बोल्बेद, पेदीद, दोर्मीद. 'बोस'साठी तोही लावायचा नाही, नुसता 'र' गाळायचा आणि शेवटच्या स्वरावर जोर द्यायचा : कोन्ता, बोल्बे, पेदी, दोर्मी. लिहिताना त्या शेवटच्या स्वरावर आघातचिन्ह. जोर टोकाला गेल्यामुळे धातूतला स्वर फुटायचे कारणच उरत नाही. तक्त्यात 'बोस'समोर 'क्वेन्ता' छापले आहे. ब्वेनोस आयरेसमध्ये असे म्हटले तर कळेल, पण ते 'तू'चे रूप आहे, 'बोस'चे नाही. 'बोस'मध्ये अपवाद जवळपास नाहीत, एक 'ईर' (जाणे) सोडून. त्याच्या जागी 'आन्दा' येते, जोर शेवटच्या 'दा'वर.

राहिले 'नोसोत्रोस'. 'दुएर्मामोस'ची चूक इथली आहे, म्हणून जरा थांबू. 'आर' आणि 'एर' गटात प्रश्न नाही : जोर प्रत्ययावर, स्वर मूळचा. कोन्तेमोस (सांगू या), प्येन्सा असले तरी पेन्सेमोस, ब्वेल्बे असले तरी बोल्बामोस. इथवर बूट बरोबर. 'ईर' गटात मात्र जोर प्रत्ययावर असूनही स्वर बदलतो, आणि बदलतो तो वेगळाच. दोर्मीरचे 'दुर्मामोस', सेन्तीरचे 'सिन्तामोस', पेदीरचे 'पिदामोस', मोरीरचे 'मुरामोस'. 'ये' नाही, 'वे' नाही. नुसता 'इ' किंवा 'उ'. वर्तमानकाळात 'आम्ही झोपतो' हे 'दोर्मीमोस', तिथे काही बदल नाही. म्हणजे 'वर्तमानकाळात नाही तर आज्ञार्थातही नाही' हा सदरातला नियम इथे सरळ तुटतो.

यालाही अपवाद म्हणून पाठ करायची गरज नाही. 'ईर' गटाचा एक साधा नियम आहे. धातूच्या लगेच पुढच्या अक्षरात शुद्ध 'ई' असेल, तर धातूतला 'ए' किंवा 'ओ' तसाच टिकतो. पुढे शुद्ध 'ई' नसेल, तर तो 'इ' किंवा 'उ'कडे घसरतो. पेदीद, पेदी, पेदीमोस यांत पुढे 'दी' आहे, म्हणून 'पे' टिकला. पिदामोसमध्ये पुढे 'दा', म्हणून 'पि'. दोर्मीदमध्ये पुढे 'मी', म्हणून 'दो'. दुर्मामोसमध्ये पुढे 'मा', म्हणून 'दु'. जणू एकाच शब्दात दोन 'ई' शेजारी नकोत, अशी ही भाषा वागते. 'शुद्ध' हा शब्द महत्त्वाचा. 'झोपत असताना' हे 'दुर्म्येन्दो'. इथे पुढे 'इ' लिहिलेला दिसतो, पण तो 'ये'मध्ये विरघळलेला आहे, स्वतंत्र अक्षर नाही, म्हणून 'दु'च. हसणे म्हणजे 'रेईर'. त्याचे बोसोत्रोससाठी 'रेईद', नोसोत्रोससाठी 'रियामोस'. तोच नियम.

मग पूर्ण कसोटी दोन प्रश्नांची झाली. जोर धातूवर आहे का? असेल तर त्या क्रियापदाचा ठरलेला बदल करा. नसेल, तर क्रियापद 'ईर' गटातले आहे का आणि पुढे शुद्ध 'ई' आहे का, एवढे पाहा. बोलताना 'नोसोत्रोस'ची ही रूपे जड वाटत असतील तर 'बामोस आ' म्हणून पुढे मूळ क्रियापद ठेवावे : बामोस आ दोर्मीर. रोजच्या बोलण्यात लोक हेच जास्त म्हणतात. पण लेखी परीक्षेत रूप मागतात, त्याला इलाज नाही.

आघात आणि शेवटचा स्वर या दोन्ही गोष्टी एकदम तपासायच्या असतील तर 'सेन्तार' आणि 'सेन्तीर' ही जोडी घ्यावी. सेन्तार म्हणजे बसवणे, आणि सेन्तार्से म्हणजे बसणे. सेन्तीर म्हणजे वाटणे, जाणवणे. सेन्तीर्से म्हणजे स्वतःला अमुक वाटणे. दोन्हींत 'ए' फुटून 'ये' होतो, त्यामुळे धातू एकच दिसतो आणि सगळा फरक शेवटच्या स्वरावर येतो. तू बस : 'स्येन्ताते'. तुला बरे वाटू दे : 'स्येन्तेते'. आदराने बसा : 'स्येन्तेसे'. आदराने, आपल्याच घरी असल्यासारखे वाटू द्या : 'स्येन्तासे'. नीट पाहिले तर पहिल्या क्रियापदाचे 'तू'चे रूप आणि दुसऱ्याचे 'उस्तेद'चे रूप दोन्हींचा गाभा 'स्येन्ता', आणि उलट बाजूला दोन्हींचा 'स्येन्ते'. पाहुण्याला खुर्ची दाखवून 'स्येन्तासे' म्हटले तर तो क्षणभर थांबून हसेल, पण बसेल.

आता जोर सरकवा. बोसोत्रोस : सेन्ताओस आणि सेन्तीओस. बोस : सेन्ताते आणि सेन्तीते. इथे 'ये' गेला आणि दोन्ही क्रियापदे पुन्हा वेगवेगळी ऐकू येऊ लागली. नोसोत्रोस : 'सेन्तेमोनोस' म्हणजे बसू या, 'सिन्तामोनोस' म्हणजे आपल्याला वाटू दे. एकात 'से', दुसऱ्यात 'सि', कारण पहिले 'आर' गटातले आणि दुसरे 'ईर' गटातले. एवढी बारा रूपे (यांत उस्तेदेसची स्येन्तेन्से आणि स्येन्तान्से धरली आहेत) न अडखळता म्हणता आली, तर बाकीच्या क्रियापदांची भीती उरत नाही.

काही क्रियापदांत स्वराबरोबर लेखनही बदलते. शिकणाऱ्याला वाटते दोन अनियमितपणा एकावर एक चढले; वास्तविक लेखन बदलते ते उच्चार तोच राहावा म्हणून. एम्पेसार (सुरू करणे) झेडने लिहितात, पण स्पॅनिशमध्ये 'ए'च्या आधी झेड सहसा लिहीत नाहीत, म्हणून 'एम्प्येसे', 'एम्पेसेमोस' यांत झेडच्या जागी सी येतो. हुगार (खेळणे) यातला 'ग' पुढे 'ए' आला की 'ह' होऊन बसेल, म्हणून 'ह्वेगे', 'हुगेमोस' यांत जीनंतर न उच्चारला जाणारा यू घालतात. सेगीरमध्ये तो यू आधीपासून असतो आणि 'सीगा'मध्ये गरज नाही म्हणून गळतो. एलेहीर (निवडणे) याचे 'तू'साठी 'एलीहे', तिथे जी राहतो. 'उस्तेद'साठी 'एलीहा', तिथे जीचा जे होतो, नाहीतर 'एलीगा' वाचले जाईल. हुगार हे 'उ'चे 'वे' होणारे एकमेव क्रियापद, त्याला ठेवावे एका बाजूला.

ओलेर (वास घेणे) पाहून लोक बिचकतात, कारण 'वेले' लिहिताना आधी न उच्चारला जाणारा एच येतो. शब्दाच्या सुरुवातीला 'वे' आला की स्पॅनिश लेखनात एच लावायचाच, एवढेच त्यामागे आहे. जोर गेला की एचही जातो : ओलामोस, ओलेद. आणि कोसेर नावाची दोन क्रियापदे आहेत, एक सीने लिहितात (शिजवणे), दुसरे एसने (शिवणे). लॅटिन अमेरिकेत दोन्ही कानाला सारखीच. पण शिजवण्याचा 'ओ' फुटतो, शिवण्याचा नाही : 'क्वेसे' म्हणजे शिजव, 'कोसे' म्हणजे शिव. पाककृतीत 'कोसा' लिहिलेत तर भाजी टाके घालून घ्यावी लागेल.

सर्वनाम जोडण्याचा भाग सदरात दोन ओळींत उरकला आहे, आणि लेखी चुका सर्वांत जास्त तिथेच होतात. होकारार्थी आज्ञेत सर्वनाम क्रियापदाला मागून चिकटते आणि एक शब्द होतो : क्वेन्ता अधिक मे, 'क्वेन्तामे' (मला सांग). महत्त्वाची गोष्ट अशी की सर्वनाम चिकटले तरी जोर हलत नाही. तो 'क्वेन'वरच राहतो, म्हणून स्वरही फुटलेलाच राहतो. पण आता तो शेवटून तिसऱ्या अक्षरावर आला, आणि अशा शब्दावर आघातचिन्ह लिहिलेच पाहिजे. चिन्ह 'वे'मधल्या 'ए'च्या अक्षरावर (रोमन ई) येते, यूवर नाही; 'ये' असेल तर आयवर नाही, त्या रोमन ईवरच. दोन सर्वनामे जोडली तरी तेच : 'क्वेन्तामेलो' (मला ते सांग), 'देब्वेल्बेमेलो' (मला ते परत कर). आधी ज्याला द्यायचे तो, मग जे द्यायचे ते. दोन्ही तृतीय पुरुषी असतील तर पहिल्या 'ले'चा 'से' होतो : 'पीदेसेलो', त्याच्याकडे ते माग.

चिन्ह विसरले तर वाचणारा नियमाप्रमाणे शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर देऊन 'क्वेन्तामे'तला 'ता' दाबून वाचेल, आणि तसा शब्द नाही. 'ता'वर जोर द्यायचाच असेल तर ते 'बोस'चे रूप झाले, आणि मग 'क्वे'चा 'को' व्हायला हवा : 'कोन्तामे'. त्याच्यावर चिन्ह लागत नाही, जरी एकट्या 'कोन्ता'वर लागत असले तरी. १९९९ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी ते चिन्ह सर्वनाम जोडल्यावरही ठेवत असत, त्यामुळे जुन्या छापील मजकुरात दिसले तर गोंधळू नये. 'कोन्तामेलो' झाले की चिन्ह परत येते, कारण जोर पुन्हा शेवटून तिसऱ्यावर गेला. चिन्ह शोभेचे नाही. अक्षरे शेवटून मोजा, उत्तर मिळते.

जोडताना दोन ठिकाणी अक्षर गळते. नोसोत्रोसच्या रूपाला 'नोस' किंवा 'से' जोडताना शेवटचा 'स' जातो : सेन्तेमोस अधिक नोस, 'सेन्तेमोनोस', पिदामोस अधिक से अधिक लो, 'पिदामोसेलो', एकाच 'स'ने. बोसोत्रोसच्या रूपाला 'ओस' जोडताना 'द' जातो : सेन्ताओस, बेस्तीओस (कपडे घाला). जाण्याच्या क्रियापदात तो 'द' गळत नाही, 'ईदोस' असे होते. स्पेनमध्ये ते फारसे कुणी बोलत नाही, आणि २०१७ मध्ये रॉयल स्पॅनिश अकादमीने बोलीतले 'ईरोस'ही मान्य केले. मात्र ती सवलत त्या एका क्रियापदापुरती आहे. 'सेन्तारोस' ऐकू येते, लिहू नये. उस्तेदेसचा 'न' क्रियापदालाच राहतो : 'स्येन्तेन्से'. तो पुढे ढकलून 'स्येन्तेसेन' म्हणणारे बरेच भेटतील, प्रमाण भाषेत ते चालत नाही.

'तू'ची आठ अनियमित रूपे सदरात बरोबर दिली आहेत, पण एक इशारा राहिला. त्यांतली तीन क्रियापदे स्वर बदलणारी आहेत : तेनेर, बेनीर, देसीर. वर्तमानकाळात त्येने, ब्येने, दीसे. आज्ञा मात्र तेन, बेन, दी. 'तो'चे रूप घ्या हा नियम इथे लागू नाही. त्यांच्यापासून झालेली क्रियापदे तशीच चालतात, फक्त चिन्ह लागते : मान्तेन (सांभाळ), देतेन (थांबव). देसीरच्या घराण्यातले 'बेन्देसीर' (आशीर्वाद देणे) मात्र वळणावर येते : 'बेन्दीसे'.

कोणत्या क्रियापदाचा स्वर फुटतो हे मूळ रूपावरून ओळखता येत नाही, हेही वाचकांना सांगायला हवे होते. कोन्तारचे क्वेन्ता, पण मोन्तारचे मोन्ताच. एन्तेन्देरचे एन्त्येन्दे, आणि त्याच अर्थाच्या कोम्प्रेन्देरचे कोम्प्रेन्देच. सेन्तारचे स्येन्ता, पण प्रेसेन्तारचे प्रेसेन्ता. म्हणून मूळ क्रियापद एकटे पाठ करू नये, 'कोन्तार–क्वेन्ता' अशी जोडीच पाठ करावी. सुरुवातीला बारा पुरेत : पेन्सार, सेर्रार, एम्पेसार, कोन्तार, प्रोबार, बोल्बेर, सेन्तीर, दोर्मीर, पेदीर, सेर्बीर, रेपेतीर, बेस्तीर्से. प्रत्येकाची सहाही रूपे मोठ्याने, जोर अतिशयोक्ती करून म्हणावीत. मनातल्या मनात वाचून आघात बसत नाही.

नकारार्थी आज्ञा हा वेगळा विषय आहे. तिथे 'तू'सुद्धा संशयार्थात जातो (क्वेन्ता, पण 'नो क्वेन्तेस') आणि सर्वनाम पुढे येते. आपणही 'सांग' म्हणतो आणि नकारात 'सांगू नकोस' म्हणतो, 'सांग नको' म्हणत नाही. सदराच्या पुढच्या भागात तो येणार असेल तर तिथे बूट काढू नये, ही विनंती.

दुरुस्ती छापणार असाल तर तक्त्यातले 'दुएर्मामोस' काढून 'दुर्मामोस' आणि 'बोस'समोरचे 'क्वेन्ता' काढून 'कोन्ता' करावे. सरावातल्या शेवटच्या वाक्याचे, स्पेनमधल्या मुलांना 'बसा' म्हणण्याचे, उत्तर 'स्येन्ताओस' असे दिले आहे. ते 'सेन्ताओस' हवे.

आपला,
स्पॅनिश शिकवणारा एक वाचक